चोर सोडून संन्याशाला फाशी

खून एकाचा होतो, बळी मात्र दोन जातात. पहिल्या बळीचा गुन्हेगार आठव्या भागाच्या अखेरीस सापडतो. दुसऱ्या बळीचा गुन्हेगार सापडत नाही, कारण त्याचा शोध घ्यावा असे कोणालाच वाटत नाही. शोध घ्यायचा तर सारे गावच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल. ब्रिटनच्या आयटीव्ही या दूरचित्रवाणी वाहिनीने २०१३ च्या मार्च-एप्रिलमध्ये दाखविलेल्या ‘ब्रॉडचर्च’ या मालिकेचे खरे कथानक हे आहे. रहस्यकथा म्हणून ती गाजली आणि पुढे तिचे आणखी दोन भाग निघाले. परंतु खुनी कोण, या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दुसरा एक प्रश्न तिने विचारला आहे. शेजाऱ्याविषयी शेजाऱ्यांनी दिलेला निकाल कोणत्या न्यायालयात तपासून घ्यायचा, हा तो प्रश्न होय.

ब्रॉडचर्च हे इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यातले समुद्रकाठचे कल्पित गाव. तेथील उंच पिवळ्या कड्यांखाली डॅनी लॅटिमर या अकरा वर्षांच्या मुलाचे प्रेत सापडते. गाव लहान. सारे एकमेकांना नावाने ओळखतात, एकमेकांच्या मुलांना खेळवितात, रविवारी एका चर्चमध्ये जमतात. तपासाचे काम दोघांकडे येते. बाहेरगावाहून नुकताच आलेला, प्रकृतीने खचलेला इन्स्पेक्टर ॲलेक हार्डी आणि याच गावात वाढलेली, मृत मुलाच्या कुटुंबाशी घरोबा असलेली सार्जंट एली मिलर. हार्डी कोणावरच विश्वास ठेवीत नाही. एलीला आपल्या गावातला कोणी माणूस असे काही करील हेच खरे वाटत नाही. डेव्हिड टेनंट आणि ऑलिव्हिया कोलमन यांनी या भूमिका अतिशय संयमाने केल्या आहेत. लेखक क्रिस चिब्नॉल यांनी खुन्याचे नाव बहुतेक नटांपासूनही चित्रीकरणाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत गुप्त ठेवले होते. त्यामुळे पडद्यावर शेजारी शेजाऱ्याकडे ज्या संशयाने पाहतो, त्या संशयात अभिनयाचा भाग किती आणि खरेपणा किती, हे सांगणे अवघड जावे.

पहिले काही दिवस गाव शोकात असते. नंतर भीती येते, आणि भीतीला नेहमीच एक चेहरा हवा असतो. तो चेहरा जॅक मार्शल या म्हाताऱ्याचा निघतो. जॅकचे वर्तमानपत्रांचे दुकान आहे. डॅनी त्याच्याकडे सकाळी पेपर टाकण्याचे काम करीत असे. गावातल्या मुलांचे एक सागरी पथकही तो चालवितो. एकटा राहतो, कोणाशी फारसे बोलत नाही. एवढ्या भांडवलावर कुजबूज सुरू होते. पुढे त्याचा भूतकाळ बाहेर येतो. संमतीचे कायदेशीर वय पूर्ण न झालेल्या एका मुलीशी पूर्वी त्याचा संबंध आला होता आणि त्यासाठी त्याने तुरुंगवास भोगला होता. त्याच मुलीशी त्याने पुढे विवाह केला. त्यांना मुलगा झाला, तो लहानपणीच मोटार अपघातात दगावला आणि संसार मोडला. यातला पहिला निम्मा भाग गावभर होतो. दुसरा निम्मा ऐकून घेण्याची कोणाला गरज वाटत नाही. मुले पथकातून काढून घेतली जातात, दुकानासमोर जमाव जमतो, लंडनच्या खपाऊ वृत्तपत्रांचे बातमीदार दाराशी ठाण मांडतात. ज्या वर्तमानपत्रांच्या विक्रीवर या माणसाचे पोट चालत होते, त्याच वर्तमानपत्रांनी त्याचे नाव मातीत घालावे, हा या कथेतील सर्वांत विदारक भाग आहे. पाचव्या भागाच्या शेवटी जॅक कड्यावरून उडी घेऊन जीव देतो. डॅनीच्या मृत्यूशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, हे गावाला नंतर कळते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जॅकचा पूर्वीचा अपराध क्षुल्लक होता, असे मालिका म्हणत नाही आणि कोणी म्हणूही नये. आपल्या मुलांची काळजी करणारे आईबापही काही गुन्हेगार नव्हेत. एका मुलाचा खून झालेला असताना, ज्याच्या नावावर असा अपराध आहे त्या माणसाची चौकशी व्हावी ही मागणी रास्तच होती. पोलिसांनी ती चौकशी केलीही. प्रश्न चौकशीचा नव्हता. चौकशी पुरी होण्याआधीच निकाल लागला आणि निकालाबरोबर शिक्षेची अंमलबजावणीही सुरू झाली, ही आक्षेपाची जागा आहे. भोगून संपलेली शिक्षा गावाने पुन्हा उकरून काढली आणि न केलेल्या गुन्ह्याच्या खाती जमा केली. वडाची साल पिंपळाला लावण्याचा हा प्रकार प्राण घेईपर्यंत गेला.

मग खरा खुनी कोण? मालिका पाहिली नसलेल्या वाचकांचा रसभंग होईल, परंतु या प्रश्नाचे उत्तर सांगितल्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही. खुनी आहे जो मिलर, म्हणजे तपास करणाऱ्या सार्जंट एली मिलरचाच नवरा. नोकरी सोडून घर सांभाळणारा, तान्ह्या मुलाची गाडी ढकलीत गावातून हिंडणारा, सर्वांशी गोड बोलणारा गृहस्थ. आठ भागांत साऱ्या गावाने ज्याच्या-त्याच्याविषयी काही ना काही कंडी पिकविली. मृत मुलाचा बाप त्या रात्री कोठे होता याविषयी खोटे बोलतो, म्हणून त्याच्यावर संशय येतो. तो लपवीत असतो स्वतःचे व्यभिचाराचे प्रकरण. धर्मगुरू पूर्वी दारूच्या आहारी गेलेला, म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले जाते. कारवानमध्ये कुत्र्यासह एकटी राहणारी सफाईकामगार सुझन राइट हिच्याकडे तर सुरुवातीपासूनच वाकड्या नजरेने पाहिले जाते. प्रत्येकाने काही ना काही दडविलेले असते, पण काही दडविणे म्हणजे खून करणे नव्हे. जो मिलरविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही.

हे केवळ रहस्यकथाकाराचे कसब म्हणून सोडून देता येणार नाही. लोकापवाद चुकतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. तो कोणत्या दिशेने चुकतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. नाणे उडवून छापा-काटा करावा तशी ही चूक नसते. ती नेहमी उताराकडे वाहते. ज्याच्या पाठीशी कुटुंब नाही, पैसा नाही, प्रतिष्ठा नाही. जो बाहेरून आलेला आहे, एकटा आहे, विक्षिप्त आहे किंवा ज्याने पूर्वी एकदा ठोकर खाल्लेली आहे, त्याच्या दाराशी ती जाऊन थांबते. ज्याचे घर नीटनेटके, बायको सरकारी नोकरीत, मुले शाळेत, त्याच्या दारावरून ती खालमानेने पुढे जाते. गावाची कुजबूज म्हणजे गावाला आधीच असलेल्या उच्चनीचतेच्या कल्पनांची उजळणी असते. तिच्यातून नवे काही कळत नाही. गाव कोणाला आपले समजते आणि कोणाला समजत नाही, एवढेच तिच्यावरून कळते.

इंग्रजी रहस्यकथेला कुजबुजीचे आकर्षण फार जुने आहे. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ या कादंबरीपासून वाचकांना परिचित झाली, आणि बीबीसीने १९८४ ते १९९२ या काळात तिच्या बाराही कादंबऱ्या दूरचित्रवाणीवर आणल्या. सेंट मेरी मीड या खेड्यातील ही अविवाहित वृद्धा चहाच्या पेल्यावर चाललेल्या गप्पांतून खुनी शोधून काढते. तेथे कुजबूज हे तपासाचे साधन असते, कारण धान्य आणि भूस वेगळे करणारी एक तल्लख म्हातारी हाताशी असते. परंतु ख्रिस्तीलाही या साधनाची दुसरी धार माहीत होती. तिच्या १९४२ च्या ‘द मूव्हिंग फिंगर’ या कादंबरीत एका लहान गावात निनावी, गलिच्छ पत्रांचे पेव फुटते. पत्रे लिहिणारी कोणी तरी वयस्क, अतृप्त, एकटी स्त्रीच असणार, याविषयी गावाला शंका नसते. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असे जो-तो म्हणतो. प्रत्यक्षात तो धूर मुद्दाम सोडलेला असतो, आणि सोडणारा असतो गावातला प्रतिष्ठित वकील. बायकोचा खून आत्महत्या म्हणून खपविण्यासाठी त्याने ही पत्रे रचलेली असतात. लोकांची नजर कोठे जाईल आणि कोठे जाणार नाही, याचा हिशेब त्याने बिनचूक मांडलेला असतो. लोकापवाद खुन्याला नुसता निसटू देत नाही, त्याच्या हातचे हत्यारही होतो.

कल्पित कथेत असे घडते, प्रत्यक्षात नाही, असे समाधान करून घेण्याची सोय नाही. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिस्टल शहरात एका तरुणीचा खून झाला. तिचा घरमालक हा एक निवृत्त इंग्रजीचा शिक्षक होता. अविवाहित, एकटा राहणारा, केसांची आणि बोलण्याची ढब जराशी निराळी. पोलिसांनी त्याला चौकशीसाठी अटक केली, आणि लगेच वृत्तपत्रांनी त्याच्या केसांपासून साहित्याच्या आवडीपर्यंत प्रत्येक गोष्ट विकृतीचा पुरावा म्हणून मांडली. पुढे खुनी निघाला शेजारच्याच सदनिकेत राहणारा एक उच्चशिक्षित अभियंता. या अभियंत्याने स्वतःच घरमालकाच्या मोटारीविषयी पोलिसांना माहिती पुरवून संशयाचा रोख तिकडे वळविण्याचा प्रयत्न केला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याआधी, जुलै २०११ मध्ये, आठ वृत्तपत्रांना त्या शिक्षकाची बदनामी केल्याबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागली आणि त्यांपैकी दोघांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड झाला. एकास पन्नास हजार पौंड, दुसऱ्यास अठरा हजार. त्या शिक्षकाने नंतर वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगापुढे साक्षही दिली. तो शिकलेला होता, त्याला वकील मिळाले, म्हणून तो तगला. ब्रॉडचर्चच्या जॅक मार्शलपाशी यातले काहीच नव्हते.

या दोन्ही प्रकरणांत वृत्तपत्रांनी केलेला व्यापार लक्षात घेतला पाहिजे. पारावरची कुजबूज पूर्वी गावाच्या वेशीपाशी थकत असे. छापखान्याने तिला पाय दिले, आणि नफ्याने तिला घोडा दिला. संशय हा विकाऊ माल आहे. निर्दोषत्व विकले जात नाही. ‘अमुक माणसाने काही केले नाही’ या मथळ्याचा अंक कोण विकत घेणार? म्हणून आरोप पहिल्या पानावर मोठ्या टायपात येतो आणि खुलासा आतल्या पानावर, जाहिरातींच्या कडेला. या व्यापारातून दूरचित्रवाणीलाही वगळता येत नाही. ‘ब्रॉडचर्च’ दाखविणारी वाहिनी जाहिरातींवरच चालते, आणि एकेका आठवड्याला एकेका पात्रावर संशयाचा झोत टाकून पुढच्या आठवड्यासाठी प्रेक्षक धरून ठेवण्याचे तंत्र या मालिकेनेही वापरले आहे. घरोघरीचे प्रेक्षक आठवडाभर संशयितांची यादी करीत बसतात, जॅककडे बोट दाखवितात, आणि पाचव्या भागाच्या शेवटी त्याचे प्रेत समोर येते. जमावात आपणही उभे होतो, हे प्रेक्षकाला तेव्हा उमगते. या मालिकेचा प्रामाणिकपणा असेल तर तो येथे आहे.

सहाव्या भागात जॅकच्या अंत्यविधीला गाव जमते. तेथे पॉल कोट्स हा तरुण धर्मगुरू शोकप्रसंगीची गुळगुळीत भाषा बाजूला ठेवतो. जॅकला चांगले शेजारी लाभले नाहीत, आपण सर्व त्याला अंतरलो, अशा आशयाचे कटू सत्य तो समोर बसलेल्यांना ऐकवितो. लोक माना खाली घालतात. काही दिवसांनी ते पुन्हा तेच करतात. जो मिलर खुनी ठरताच सारा रोष एलीकडे वळतो. एकाच घरात राहून हिला कळले कसे नाही? हिला ठाऊक असलेच पाहिजे! हाच प्रश्न काही काळापूर्वी एलीने सुझन राइटला विचारला होता. सुझनच्या नवऱ्याने त्यांच्या मुलीचा जीव घेतला होता, आणि आपल्याला त्याचा सुगावा नव्हता हे तिचे सांगणे एलीला अशक्य कोटीतले वाटले होते. आता डॅनीची आई बेथ तोच प्रश्न एलीच्या तोंडावर फेकते. दिव्याखालचा अंधार दुसऱ्याच्या घरी दिसतो, तेव्हा माणूस त्याला गुन्हा म्हणतो. आपल्या घरी असतो, तेव्हा तो दिसतच नाही. एलीला अखेर गाव सोडावे लागते.

२०१५ च्या दुसऱ्या भागात जो मिलरवर खटला चालतो आणि तो सुटतो. सत्य कळले त्या क्षणी, चौकीतच, एलीने नवऱ्यावर हात टाकलेला असतो. त्या मारहाणीमुळे त्याचा कबुलीजबाब न्यायालय पुराव्यात धरीत नाही. अनेकांना हा प्रसंग कायद्याचा आंधळेपणा वाटेल. वस्तुतः तो संतापाचा आंधळेपणा आहे. पुराव्याचे नियम ही वकिलांनी रचलेली अडथळ्यांची शर्यत आहे, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु ऐकीव गोष्ट साक्ष म्हणून सहसा चालत नाही, मारून घेतलेली कबुली चालत नाही, आरोप करणाराने आरोप सिद्ध केला पाहिजे, हे नियम प्रबळांना फारसे लागत नाहीत. त्यांच्या रक्षणाला दुसरी साधने असतात. ज्याच्याविषयी गावाने मन आधीच बनविलेले आहे, त्या एकट्या माणसाला गाव आणि फास यांच्यामध्ये एवढीच एक भिंत असते. तो नियम मोडला की निरपराध मरतो आणि अपराधी सुटतो. ब्रॉडचर्चमध्ये ही दोन्ही अनर्थकारक फळे एकाच झाडाला लागलेली दिसतात.

हे सारे विलायतेतले आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने महाराष्ट्रातीलच एका रविवारची आठवण ठेवावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची आवई भ्रमणध्वनीवरील संदेशांतून त्या भागात आधीच पसरली होती. मुलांची काळजी तेथेही खरी होती. भटकणारा, अनोळखी, फाटक्या वेषातला माणूस हा चेहराही तयारच होता. कोणी काय पाहिले, हे विचारणारा मात्र कोणी निघाला नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्या रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले. निर्देश आवश्यकच होते. परंतु न्यायालयाचा आदेश बाजारात पोचण्याआधी आवई पोचते, आणि त्या दोहोंमधल्या काळात माणूस जगतो की मरतो, हे तेथे उभे असलेल्या चार शेजाऱ्यांवर अवलंबून असते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुर्बळांना पोलीस चौकीत आणि कचेरीत कोणी उभे करीत नाही, तेव्हा एकमेकांच्या कानी घालणे हेच त्यांचे शस्त्र असते. मारकुट्या नवऱ्याविषयी, लगट करणाऱ्या मुकादमाविषयी बायका एकमेकींना सावध करतात. ती कुजबूज बंद पाडली तर लाभ मुकादमाचाच होईल. हे खरे आहे. परंतु सावध करणे आणि शिक्षा ठोठावणे यांत अंतर आहे. जिने सोसले आहे ती आपल्या तोंडाने सांगते, ती साक्ष होय. ती ऐकून घेणे, तिला पुढे येण्यास बळ देणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. ज्याने काही पाहिले नाही, सोसले नाही, तो ऐकलेल्यात स्वतःची भर घालून पुढे सांगतो, ती वदंता होय. साक्ष वर जाते, बलवानाला जाब विचारते. वदंता खाली उतरते आणि निराधाराला गाठते. ब्रॉडचर्चच्या गावात साक्ष देणारे थोडे होते, आणि जे होते त्यांना कोणी विचारले नाही. वदंतेचे वाहक मात्र घरोघर होते.

वस्त्यांत आणि खेड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला अशी वदंता बहुधा इतरांच्या आधी ऐकू येते. त्या वेळी भाषणाची गरज नसते. हे कोणी पाहिले, केव्हा पाहिले, आणि ज्याने पाहिले तो येथे आहे काय, एवढे तीन प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारण्याची गरज असते. असे विचारणारा त्या घटकेला लोकांना प्रिय होणार नाही. त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाईल. जॅक मार्शलच्या दुकानासमोर जमाव जमला त्या रात्रीपूर्वी ब्रॉडचर्चमध्ये हे तीन प्रश्न विचारणारे चार शेजारी निघाले असते, तर त्या गावाला कड्याखालून प्रेत एकदाच उचलावे लागले असते.